कुंडीच्या वाट्याचं आकाश

तुळशीचं लग्न जवळ आलं की वाशी, नेरूळ, खारघरच्या रोपवाटिकांत तुळशीच्या रोपांच्या रांगा मांडल्या जातात. घेणाऱ्यांत बरीच मंडळी दरवर्षीची असतात. मागच्या वर्षीची तुळस टिकली नाही, म्हणून यंदा नवी. का टिकली नाही असं विचारलं तर उत्तरं ठरलेली: पाणी जास्त झालं, पाणी कमी पडलं, माती बरी नव्हती, कुणाची तरी नजर लागली. उजेड कमी पडला, असं सहसा कुणी म्हणत नाही. घरात तर चांगला लख्ख उजेड असतो. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येतं. मग झाडाला काय कमी पडलं?

या साध्या प्रश्नाच्या मागे मोठा इतिहास आहे. त्यात प्लेगची साथ आहे, इंग्रजांचे कायदे आहेत, आणि आपल्या नवी मुंबईच्या आराखड्यातला एक फार चांगला विचारही आहे.

आपल्याकडे घरातलं झाड ही कल्पनाच मुळात नवी. झाड अंगणात, परसात किंवा बांधावर असायचं. देशावरच्या वाड्यात मधला चौक वरून उघडा असे आणि तुळशीवृंदावन त्या चौकात. कोकणात ते घरासमोरच्या सारवलेल्या खळ्यात. आज ज्या जमिनीवर नवी मुंबई उभी आहे, तिथल्या आगरी-कोळ्यांच्या गावांतही तुळस दारापुढच्या अंगणातच असायची. डोक्यावर आकाश होतं, त्यामुळे झाडाला उजेड किती लागतो हे मोजण्याची वेळच कुणावर आली नाही. पाणी मात्र विहिरीवरून आणावं लागे, म्हणून पाण्याची काळजी भाषेत आणि सवयीत मुरली. झाड सुकलं की आपला हात आधी तांब्याकडे जातो, तो त्यामुळेच असावा.

झाडाला उजेडाची गरज नेमकी कशासाठी, हेही माणसाला फार उशिरा कळलं. १७७१ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली या इंग्रज पाद्र्याला दिसलं की, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या डहाळीनं पुन्हा शुद्ध होते. पण हाच प्रयोग इतरांनी केला तर कधी जमे, कधी फसे. हे कोडं यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरनं सोडवलं. देवी टोचण्याच्या जुन्या पद्धतीत तो वाकबगार होता. १७६८ मध्ये त्यानं ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचल्या होत्या. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात राहून त्यानं पाचशेच्या आसपास प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तक छापलं. निष्कर्ष असा: हवा शुद्ध करण्याचं काम झाडाचा फक्त हिरवा भाग करतो, आणि तोही फक्त उजेडात. अंधारात झाडदेखील आपल्यासारखीच हवा बिघडवतं.

या दुसऱ्या वाक्यात आपल्या तुळशीचं सगळं दुखणं आलं. झाड रात्रंदिवस खर्च करत असतं आणि कमाई मात्र उजेड असेल तेवढ्याच वेळात होते. कमाई आणि खर्च जिथे बरोबरीला येतात, त्याच्या खाली उजेड गेला की झाड साठवणीवर जगतं. रोपवाटिकेतलं रोप उघड्यावर किंवा हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. बरीचशी झाडं तर आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकनं आलेली असतात. पानांत, खोडात, मुळांत पुरेशी शिल्लक असते. ती घेऊन रोप आपल्या दिवाणखान्यात येतं आणि काही आठवडे मजेत राहतं. पुढे पानं गळू लागतात, शेंडे लांबुळके आणि फिके होतात. आपण पाणी वाढवतो. पण उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी पितं; माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. वर पाणी जास्त झाल्याचा निवाडा आपणच देतो. तो खोटा नसतो, अर्धा असतो.

मग वर्तमानपत्र वाचता येतं त्याचं काय? तर आपला डोळा हा फार दिलदार साक्षीदार आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. लक्स हे उजेड मोजण्याचं एकक. त्याच वेळी उघड्या आकाशाखालच्या सावलीत दहा-वीस हजार. खिडकीच्या अगदी आत, ऊन थेट येत नसेल तर, एक-दोन हजार, फार तर पाच. आणि खोलीच्या मध्यावर, सोफ्याच्या बाजूला, जिथे कुंडी शोभून दिसते, तिथे शंभर ते तीनशे. अंगणापासून सोफ्यापर्यंत उजेड काही शेकडा पटींनी उतरला, पण बाहुली मोठी झाली, डोळा सरावला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. ज्यांनी रीळ घालायच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आहेत त्यांना हे माहीत आहे. बाहेर फोटो स्वच्छ यायचे आणि घरात, भर दिवसासुद्धा, फ्लॅश लागायचा. कॅमेरा खरं बोलतो. झाडही कॅमेऱ्याच्या बाजूचं.

घरात हौसेनं झाडं ठेवण्याची रीत आपल्याकडे मुख्यतः इंग्रजांकडून आली. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिअल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. धुरानं त्यांच्या बागेतली नेची जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून एका बंद बाटलीत ठेवला होता. कोशाचं राहिलं बाजूला, त्या मातीत नेचं आणि गवत उगवलं. त्यातून काचेची बंद पेटी आली. पूर्वी समुद्रप्रवासात रोपं खाऱ्या वाऱ्यानं तरी मरत, नाहीतर जहाजाच्या पोटातल्या अंधारानं. ही पेटी डेकवर उजेडात ठेवता येई. रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. इंग्लंडात १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, १८५१ मध्ये खिडक्यांवरचाही, आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत झाडं शिरली. (खिडकीवर कर म्हणजे उजेडावरच कर, दीडशे वर्षं तो चालू होता!) पण कोळशाच्या धुरात आणि जाड पडद्यांमागे टिकलं ते अ‍ॅस्पिडिस्ट्रासारखं चिवट झाड. घरात शोभतील अशा झाडांची यादी तेव्हापासून सौंदर्यापेक्षा सोशिकपणावर ठरत आली आहे. आपला मनीप्लांट, स्नेक प्लांट, आणि १९९० च्या दशकात डच रोपवाटिकांनी बाजारात आणलेला पूर्व आफ्रिकेतला झेडझेड प्लांट, सगळे याच यादीतले.

या रीतीबरोबर पुस्तकंही आली, आणि तिथे एक मोठी गफलत झाली. इंग्रजी पुस्तकांत हमखास लिहिलेलं असतं की दक्षिणेची खिडकी सर्वांत उजेडाची आणि उत्तरेची सर्वांत मंद. लंडनला ते शंभर टक्के खरं. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तिथे सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. डिसेंबरच्या दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि बारा महिने दुपारी दक्षिणेलाच दिसतो. नवी मुंबई १९ अंशांवर. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावर येऊन दक्षिणेला जातो. म्हणजे मधले साधारण दहा आठवडे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत उत्तरेच्याच बाजूला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन एक मिनिटही येत नाही. उलट उत्तरेच्या खिडकीला, जिला पुस्तकं मंद म्हणतात, सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन मिळतं. अर्थात ढग असले नाहीत तर.

हिवाळ्यात पारडं फिरतं. डिसेंबरच्या दुपारी आपल्याकडे सूर्य ४७ अंशांच्या आसपास असतो. दक्षिणेच्या खिडकीचा वरचा कडा जमिनीपासून सात फुटांवर असला आणि छज्जा आड आला नाही, तर ऊन साडेसहा फूट आत येतं. ज्या जागी पावसाळ्यात मनीप्लांट खंगला, त्याच जागी तो जानेवारीत तरतरीत होतो तो यामुळे. आपण श्रेय खताला देतो. पूर्व आणि पश्चिम या बाजू मात्र आपल्याकडे वर्षभर हक्काच्या. नवी मुंबईत पूर्वेला पारसिकची डोंगररांग आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. खाडीकडे तोंड असलेल्या घरांत दुपारी तीननंतरचं ऊन पार सूर्यास्तापर्यंत येतं. माणसं पडदे ओढून घेतात आणि जास्वंद फुलते.

पण दिशा कोणतीही असो, समोर भिंत आली तर सगळं फुकट. आणि हा भिंतीचा प्रश्न मुंबईत पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला तो झाडांसाठी नव्हे, माणसांसाठी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण सापडला. पुढच्या महिन्यांत शहर हादरलं. सूर्यप्रकाशानं जंतू मरतात हे इंग्लंडात १८७७ मध्ये दिसून आलं होतं. त्यामुळे प्लेगचं मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आहे असं सरकारच्या मनानं घेतलं. प्लेगची पथकं घरांवरची कौलं काढत, भिंतींना भोकं पाडत, आणि राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवत. प्लेग खरं तर उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झालं. कारण चुकलं होतं. पण अंधाऱ्या खोल्यांत क्षय बळावतो हे खरं होतं, आणि त्या चुकीतून शहराला एक हिशेब मिळाला.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही या ट्रस्टची कामं. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीतल्या उजेडाचा ध्यासच घेतला होता. १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी व्याख्यान दिलं. त्यांचा भर एका कोनावर होता: साडेत्रेसष्ट अंश. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातही हाच कोन होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ काढायची. समोरची इमारत त्या रेघेला छेदता कामा नये. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधलं अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं तरी हवं. खोलीत खिडकी आहे की नाही, एवढंच विचारून भागत नाही. त्या खिडकीला आकाश किती दिसतं हे विचारायचं.

झाडांच्या बाबतीत माझ्या मते याहून उपयोगी कसोटी आजही नाही. मोबाइलवर लक्स मोजण्याची साधनं आली आहेत, जरूर वापरा. पण कुंडीच्या उंचीला डोकं नेऊन पाहावं की तिथून आकाशाचा तुकडा केवढा दिसतो. नुसती समोरची भिंत दिसत असेल, तर ती जागा झेडझेड प्लांटची. तो तिथे जगेल. वाढेल असं कुणी वचन देऊ नये.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या पंधराव्या कलमानुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षं बिनतक्रार, बिनअडथळा उजेड मिळत आला असेल, तर तो वहिवाटीचा हक्क बनू शकतो. मात्र सतरावं कलम सांगतं की मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा असा हक्क मिळवता येत नाही. खिडकीला उजेडावर दावा सांगता येतो, अंगणाला नाही. ज्या देशात दिवसाचा निम्मा संसार अंगणात चालत होता, तिथे इंग्रजी घर डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा असा बसला.

अंगण सुटलं ते चाळीत. चाळीच्या सामाईक गॅलरीत, कठड्यावर, डालडाच्या डब्यात तुळस आली. गॅलरीला निदान एका बाजूनं आकाश होतं, त्यामुळे ती तगली. पुढे ब्लॉक आले, बाल्कनी आली, आणि जागेच्या ओढीनं बाल्कनी खोलीत घेतली गेली. तुळस खिडकीच्या लोखंडी ग्रिलवर जाऊन बसली.

नवी मुंबईची कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि पहिली चार वर्षं कोरियाच मुख्य वास्तुरचनाकार होते. आपल्या हवेत उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घरातली एक खोलीच आहे, हे त्यांचं आवडतं म्हणणं. सकाळी निवडणं-टिपणं, दुपारी पापड वाळवणं, रात्री झोपणं, यांसाठी छप्पर लागत नाही. १९८० च्या दशकात बेलापूरला त्यांनी कलाग्राम उभारलं, त्यात हे प्रत्यक्ष दिसतं. सात घरं एका आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती. अशा गटांचा मिळून मोठा चौक. आणि प्रत्येक घर आपापल्या छोट्या भूखंडावर, शेजाऱ्याच्या भिंतीला न चिकटता. रहिवाशांनी पुढे मजले चढवले, काही घरं पार बदलून टाकली. कोरियांनी ते गृहीतच धरलं होतं. पण चौक राहिले, आणि प्रत्येक घराला थोडं तरी आपलं आकाश राहिलं. महागडे मनोरे न बांधताही दाट वस्ती करता येते, हे दाखवणारी ही वसाहत नवी मुंबईनं स्वतः फारशी गिरवली नाही याचं वाईट वाटतं.

नंतरच्या इमारतींत झाडांच्या नावानं एक वेगळाच प्रकार आला: फ्लॉवर बेड. खिडकीबाहेर दोन-अडीच फुटांची पुढे आलेली जागा, नकाशावर फुलझाडांसाठी. मुंबईत ती चटईक्षेत्रात मोजली जात नसे. मग ती बांधली गेली, विकली गेली आणि राहायला आल्यावर खिडकी पुढे सरकवून खोलीत घेतली गेली. तिथे बसायचा कट्टा झाला, पलंगाची उशाकडची बाजू आली, धुण्याचं यंत्र आलं. फुलं तेवढी आली नाहीत. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बदल करून फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात धरले गेले. खाडीच्या अलीकडे नेरूळ, खारघरच्या त्या काळातल्या इमारतींतही फ्लॉवर बेड दिसतात, आणि त्यांची गतही बहुतेक तीच. झाडांच्या दृष्टीनं घरातली सर्वांत चांगली जागा कुठली, हे नकाशा काढणाऱ्याला बरोबर कळलं होतं. तिथे झाड येणार नाही, हेही कळलं असावं.

आता नवा अध्याय सुरू आहे. सिडकोच्या वाशीतल्या जुन्या, कमी उंचीच्या इमारतींपैकी अनेक धोकादायक ठरल्या. २०१५ मध्ये शासनानं अशा इमारतींच्या पुनर्विकासाला अडीच चटईक्षेत्र दिलं. ज्यांच्या स्लॅबचे तुकडे डोक्यावर पडत होते त्यांना पक्कं घर मिळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण चार मजल्यांच्या जागी उंच मनोरा उभा राहतो, तेव्हा समोरच्या जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याचं आकाश कमी होतं. दुसरीकडे मूळ गावठाणांत गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या गल्ल्या. तिथे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीला हात लागतो. साडेत्रेसष्ट अंशांची रेघ काढायलाही जागा नाही. आणि ही तीच गावं, जिथे पन्नास वर्षांपूर्वी प्रत्येक दारापुढे तुळशीचं अंगण होतं. असा बदल माणसाच्या डोळ्याला लवकर जाणवत नाही. तो दिवा लावतो. आधी कुंडीतल्या झाडाच्या पेरांमधलं अंतर वाढतं, नवी पानं बारीक येतात, सगळं झाड एका बाजूला कलतं.

मनीप्लांटचं उदाहरण घ्या. हा मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा वेल. आपल्याकडे त्याची ओळख पाण्याच्या बाटलीतला, तळहाताएवढ्या पानांचा. तोच एखाद्या जुन्या बागेत मोठ्या झाडावर चढला की उजेडाकडे जाता जाता त्याची पानं सुपाएवढी होतात, कडेला फाटतात, आणि हा तोच वेल आहे हे कुणाला पटत नाही. बाटलीतला वेल असतो तोच, फक्त बालपणातच अडकलेला.

तेव्हा या वर्षी तुळस आणलीत तर तिला दिवसाचे चार-पाच तास तरी थेट ऊन लागेल अशी जागा पाहा; ग्रिलवर, गच्चीवर, नाहीतर सोसायटीच्या आवारात सगळ्यांची मिळून एक. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ऊन दिवसाला सरासरी दोन-अडीच तासांवर येतं, तेव्हा सगळीच झाडं काटकसरीत असतात. त्या दोन महिन्यांत आतल्या कुंड्या खिडकीला अगदी खेटून ठेवा, काच पुसून घ्या आणि पाणी निम्मं करा. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं, तरच घाला. सप्टेंबर संपता संपता ढग विरळ होतील आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन परत यायला लागेल. तेव्हा कुंड्या पुन्हा थोड्या मागे घ्यायला हरकत नाही.